कर्तव्यस्थळ क्रमांक एक

उंबरटोल्याचे नागरिक टेकचंद सेलोकर हे कर्तव्याच्या जाणिवेने भारावले, तेव्हा जुलैतल्या एका गुरुवारचे सकाळचे सव्वाअकरा वाजले होते. त्या वेळी ते गावच्या तलावाच्या पाळीवर बसले होते. त्यांच्या एका बाजूला तनस, म्हणजे धानाचा पेंढा, भरलेलं पोतं होतं, दुसऱ्या बाजूला चिकणमातीचं घमेलं होतं, आणि पायाखाली, पाळीच्या बुडाशी, मनगटाएवढ्या भोकातून तलावाचं पाणी नाल्यात चाललं होतं. हा तपशील पुढे तालुक्याच्या अहवालात आला नाही, म्हणून इथे नोंदवून ठेवलेला बरा.

उंबरटोला पवनी तालुक्यात, आसगाव ओलांडून पुढे. गाव धानाचं, आणि धान त्या एका तलावाचं. तलावातून बांध्यांना, म्हणजे धानाच्या शेतांना, पाणी सोडायचं जे दार असतं त्याला तिकडे तुडुम म्हणतात. त्या तुडुमाच्या बाजूलाच पाळ पोखरली गेली होती. पावसाने बारा दिवस दडी मारलेली. पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, हातभर होऊन रोवणीची वाट पाहत उभी. सोमवारी तुडुम उघडायचं आणि सगळ्या गावाने एकदम रोवणा धरायचा, असं ठरलेलं. टेकचंदच्या बांध्या सर्वांत शेवटी, म्हणजे तलाव भरलेला असेल तरच पाणी तिथवर पोचणार. म्हणून धुरपताने, त्याच्या बायकोने, त्याला सकाळीच पिटाळलं होतं : "सोमवारपावेतो पानी राह्यलं पायजे. जा, अन् त्या भोकाले बोळा लावून या."

अर्ध्या तासाचं काम. पण कामाआधी तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटून तोंडात टाकावा, एवढी उसंत उंबरटोल्याचा माणूस स्वतःला देतोच. टेकचंदने खर्रा टाकला, मोबाइल काढला, आणि त्यात देशाच्या एका थोर नेत्याचं भाषण चालू होतं.

भाषणाचा विषय विकास आणि नागरिकांची जबाबदारी हा होता. नेत्यांचा आवाज असा की ऐकणाऱ्याला वाटावं, हे आपल्याशीच बोलताहेत, मागे बसलेले बाकीचे उगाच आलेत. "बंधूंनो," ते म्हणाले, "तुमच्या गावात कुठे नळ गळत असेल, कुठे पाट फुटला असेल. सरकार येईल म्हणून बसून राहणार आहात का? देश मोठा होतो तो नागरिकांच्या हातांनी! तुमच्या समोरचं काम आज करा, आत्ता करा, स्वतःच्या हातांनी करा. उठा!"

टेकचंद उठला. अंगावर काटा, डोळ्यांत पाणी. इतकी खरी गोष्ट त्याने जन्मात ऐकली नव्हती. एवढं मोलाचं सांगणं आपल्या एकट्यापाशी ठेवणं हा गावावर अन्याय होईल, असं वाटून तो तसाच गावाकडे धावत सुटला. पोतं आणि घमेलं पाळीवरच राहिलं. पाणीही आपल्या वाटेने जात राहिलं.

घरी धुरपता सांधवाडीत, घरामागच्या परसात, भांडी घासत होती.

"लावला बोळा?"

"अवं, भाषन आयकलं का तू? काय बोलला तो मानूस! आपलं काम आपल्या हातानं करा म्हने!"

"बरं म्हने. मंग केलं का?"

"आधी लोकाईले सांगून येतो," टेकचंद म्हणाला आणि चौकाकडे गेला.

धुरपताने राखेचा हात तसाच ठेवून त्याच्या पाठीकडे पाहिलं. बावीस वर्षांच्या संसारात तिने या माणसाला आळशी कधी पाहिलं नव्हतं. बी भिजवण्यापासून चिखलणीपर्यंत तो राबराब राबे. त्यामुळे आज त्याला काय झालं असावं, याचा तिला उलगडा होईना.

चौकात सरपंच यादोराव, कोतवाल डोमा आणि आणखी पंधरा-वीस माणसं होती. टेकचंदने भाषण पुन्हा लावलं. "उठा!" आलं तेव्हा सगळे उठले, आणि भाषण अजून बरंच बाकी होतं म्हणून पुन्हा बसले. भाषण संपल्यावर यादोरावांनी डोळे पुसले. "याले म्हन्ते मानूस," ते म्हणाले. "आपन सारे निस्ते बसून राहतो, म्हनून देश मागं हाय." हे सर्वांना पटलं, आणि पटल्यावर सगळे बराच वेळ बसून राहिले. फावडी घेऊन आत्ताच तलावावर जावं असं कोणीतरी बोललंही. तेवढ्यात ग्रामसेवक संजीव मोटारसायकलवरून पत्र घेऊन आले. ग्रामसेवकांना हल्ली ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचं असतं, पण मोटारसायकल तीच आहे.

पत्राचा विषय होता : "भाषण श्रवण व भारावणी अभियानाची कालबद्ध अंमलबजावणी करणेबाबत." प्रत्येक गावाने भाषण सामूहिकरीत्या ऐकायचं होतं, आणि सोबतचं प्रपत्र भरून पाठवायचं होतं. त्यात भारावलेले पुरुष, भारावलेल्या स्त्रिया आणि अंशतः भारावलेले असे तीन रकाने होते. न भारावलेल्यांसाठी चौथा रकाना होता आणि त्यात कारण लिहायचं होतं.

"आपल्या गावात अंशतः कोनी नाई," यादोराव म्हणाले. "पुरे लिहा."

"ऐकायच्या आधी कसं लिहू?" संजीव म्हणाले. "नियमाप्रमाणे आधी ऐकावं लागेल."

"आमी आत्ताच आयकलं न जी!"

"ते वैयक्तिक होतं. हे सामूहिक."

म्हणून शुक्रवारी सामूहिक श्रवण झालं. मधेच लाइट गेली, तेव्हा नियमाप्रमाणे शनिवारी पहिल्यापासून पुन्हा झालं. दोन्ही दिवस सगळं गाव पंचायतीच्या ओसरीवर होतं, त्यामुळे तलावावर कोणी गेलं नाही. चंद्रभागाबाई नव्वदीच्या, त्यांना गेली दहा वर्षं काहीच ऐकू येत नाही. पण नेत्यांचे हातवारे पाहून त्यांनीही हात जोडले, तेव्हा संजीवने त्यांना पूर्ण भारावलेल्यांत घेतलं. टेकचंदला भारावणी समितीचा अध्यक्ष करण्यात आलं, कारण तो सर्वांआधी भारावला होता. आयुष्यात प्रथमच त्याच्या नावापुढे काहीतरी लागलं. घरी येऊन त्याने सदऱ्याला नीळ घातली.

अडचण प्रपत्रातल्या शेवटच्या, नवव्या रकान्याने केली. "भारावल्यामुळे ग्रामस्थांनी स्वयंस्फूर्तीने हाती घेतलेले कर्तव्य, किमान एक, छायाचित्रांसह." छायाचित्रं तीन हवी होती : कामापूर्वीचं, काम चालू असतानाचं, आणि काम झाल्यावरचं.

"आपल्याकडं कर्तव्य हाय," अध्यक्ष टेकचंद अभिमानाने म्हणाला. "तलावाचं भोक."

शनिवारीच सगळे तलावावर गेले. संजीवने त्या भोकाला कर्तव्यस्थळ क्रमांक एक असं नाव दिलं आणि मोबाइलवर फोटो काढून अभियानाच्या ॲपवर पाठवला. पाच मिनिटांत उत्तर आलं : "समस्या अस्पष्ट. पुन्हा प्रयत्न करा." संजीवने चार बाजूंनी चार फोटो काढले. समस्या अस्पष्टच राहिली.

"भोक बारीक पडून राहिलं," डोमा म्हणाला. त्याच्या हातात सब्बल, म्हणजे पहार, होती.

या वाक्यानंतर जे झालं त्याचा कोणा एकाला दोष देता येणार नाही. नाहीतरी भोक बुजवायचंच होतं, मग जरा मोठं करून बुजवलं तर बिघडलं कुठे, असा विचार एकाच वेळी सर्वांच्या मनात आला. डोमाने दोन घाव घातले. मातीचा एक लपका निसटला आणि मांडीएवढी धार नाल्यात कोसळू लागली. समस्या आता इतकी स्पष्ट झाली की फोटो पहिल्याच झटक्यात मंजूर झाला. खाली सूचना उमटली : "तालुका पथकाच्या प्रत्यक्ष पाहणीनंतरच काम सुरू करावे. तोपर्यंत स्थळाची मूळ स्थिती कायम राखावी. पाहणी : मंगळवार."

"म्हंजे मंगळवारपावेतो बुजवाचं नाई?" टेकचंदने विचारलं.

"हातही लावायचा नाही," संजीव म्हणाले. "मूळ स्थिती बदलली, तर आपण खोटी माहिती दिली असं होईल."

भोकापाशी पाटी लागली : "कर्तव्यस्थळ क्र. १. येथे काम करण्यास सक्त मनाई आहे." कोणी अविचाराने कर्तव्य करून टाकू नये, म्हणून डोमाला राखणीला बसवलं.

रविवारी आणखी एक गोष्ट संजीवच्या लक्षात आली. सोमवारी तुडुम उघडलं, तर तलावाची पातळी उतरेल, भोकाची धार बारीक होईल, आणि पथक येईपर्यंत समस्या पुन्हा अस्पष्ट पडेल. तेव्हा तुडुमही उघडता येणार नाही. बांध्यांना पाणी पाहणीनंतर. सरपंचांनी डोमाकरवी तशी दवंडी दिली.

दवंडी ऐकून धुरपता पदर खोचून पंचायतीत आली. ओसरीवर समितीची बैठक चालू होती, आणि विषय होता पथकाचं स्वागत.

"का जी सरपंच, नाल्याले पानी द्याले बंदी नाई, अन् बांधीले द्याले बंदी हाय? हा कोनता कायदा?"

"दोनच दिवसाची गोष्ट हाय बाई," यादोराव म्हणाले. "देशासाठी एवढं नाई करू का आपन?"

"देशाले का नाल्यात उभं केलं हाय?" मग ती नवऱ्याकडे वळली. "अजी गुड्डीचे बाबा, तुमी इथं भारावून राहिले अन् तिकडं पऱ्हे पिवळे पडून राहिले. आपली बांधी शेवटची हाय. पानी सरलं त पह्यले आपलंच मरन हाय. हे तुमाले मी सांगाव का?"

टेकचंदने मान खाली घातली. पऱ्ह्यांचं त्याला काही वाटत नव्हतं असं नाही. रोज पहाटे तो त्यांच्यावरून हात फिरवून येई. पण समोर स्वागताची यादी होती, तिच्यावर पहिलं नाव त्याचं होतं, आणि बायको चार माणसांत अशी बोलली याने त्याचे कान तापले होते.

"तू घरी जाय," तो म्हणाला. "तुले अभियान समजत नाई."

"नाई समजत," धुरपता म्हणाली. "मले पानी समजते."

सोमवारी दुपारी डोमा जेवायला गेला, तेव्हा धुरपता आणि शेजारची रिता तलावावर गेल्या. तनसाचं पोतं पाळीवर पडलेलंच होतं. दोघींनी कमरेएवढ्या पाण्यात उतरून ते आतल्या बाजूने भोकात कोंबलं, वर चिकणमाती थापली, पायाने दाबली. धार थांबली. सगळं मिळून पाऊण तास लागला. भाषण, दोन्ही वेळचं मिळून, याहून लांब होतं.

डोमा धावतपळत पंचायतीत आला. "घात झाला जी! बायाईनं कर्तव्य करून टाकलं!"

संजीवचा चेहरा उतरला. पथक उद्या येणार, आणि पाहायला भोकच नाही. प्रपत्रात सहाशे बारा माणसं पूर्ण भारावलेली, आणि त्यांच्या नावावर एकही कर्तव्य नाही! चौकशी लागली तर पहिलं नाव अध्यक्षांचं. सगळे टेकचंदकडे पाहू लागले.

तो तलावावर गेला तेव्हा धुरपता पाळीवर बसून लुगडं पिळत होती. तिने सगळं ओळखलं.

"काढा," ती म्हणाली. "पन डोमाले सांगू नोका. आपल्या हातानं काढा."

"अवं, एका रातीचा सवाल हाय. उद्या पथकासमोर पक्कं बुजवतो. तुही आन."

"माही आन घेऊ नोका. पऱ्ह्याची घ्या."

टेकचंद पाण्यात उतरला. पोतं घट्ट बसलं होतं, बायकोचं काम तसं नेहमीच पक्कं. तीन हिसके मारावे लागले. तिसऱ्या हिसक्याला त्याला स्वतःची लाज वाटली, अगदी मनापासून वाटली, आणि लाज वाटत असतानाच पोतं निघालं. वर पाहिलं तर धुरपता निघून गेली होती.

मंगळवारी पथक आलं नाही. पथकाला भंडाऱ्याला कर्तव्यतत्परता प्रशिक्षण होतं, आणि ते तीन दिवसांचं होतं. संजीवने फोन केला, तेव्हा पलीकडून भाषणाचाच आवाज येत होता. बुधवारी डोमाने राखण चालू ठेवली. गुरुवारी तलावाच्या मध्यावर मासे उड्या मारू लागले, आणि लोक टोपल्या घेऊन उतरले. शुक्रवारी संध्याकाळी भोकातून शेवटची बोटभर धार निघाली आणि थांबली. टेकचंद तिच्याकडे पाहत उभा होता. तिथून तो आपल्या बांधीवर गेला. पऱ्हे शेंड्यांपासून तांबडे पडले होते, हात फिरवला तर कुरकुरत होते.

शनिवारी पथक आलं. पथकप्रमुख मॅडम तरतरीत होत्या, हातात टॅब होता. संजीवला घाम फुटला होता. यादोरावांनी हार घातला. सगळे पाळीवरून खाली उतरले आणि त्या कोरड्या भोकापाशी उभे राहिले.

"गळती चालू आहे?" मॅडमनी विचारलं.

"नाही मॅडम," संजीव कसेबसे म्हणाले.

"पाणी वाया जातंय?"

"थेंबभर नाई," यादोराव म्हणाले.

मॅडमनी टॅबवर पहिला फोटो उघडून पाहिला. मांडीएवढी धार. मग समोर पाहिलं. मग पुन्हा फोटो. "आठ दिवसांत गळती शंभर टक्क्यांवरून शून्य टक्के," त्या हळूच म्हणाल्या. त्यांच्या आवाजात आदर होता. "आणि तेही सरकारी निधी न वापरता! तालुक्यात एकाही गावाला हे जमलं नाही."

टेकचंद पुढे झाला. "मॅडम, पन तलावात पानीच…"

"पाण्याचा विभाग वेगळा आहे काका," मॅडम सौम्यपणे म्हणाल्या. "माझ्याकडे फक्त गळती आहे." आणि त्यांनी तिसरा, काम झाल्यावरचा फोटो काढला.

उंबरटोल्याला जिल्ह्यातलं पहिलं पूर्ण भारावलेलं गाव म्हणून गौरवण्यात आलं. भंडाऱ्याला मोठ्या सभागृहात कार्यक्रम झाला. शाल, श्रीफळ, आणि अध्यक्षांचं दोन शब्दांचं मनोगत. जाण्याआधी टेकचंदने मनाशी पक्कं ठरवलं होतं की खरं ते सांगायचं. पाणी गेलं, पऱ्हे गेले, माझ्या बायकोने बुजवलं होतं ते मी उपटलं, हे सगळं त्या माइकवर सांगायचं आणि शाल परत करून यायचं. एसटीत बसून त्याने ही वाक्यं तीनदा घोकली.

माइकपाशी तो उभा राहिला. समोर पाचशे माणसं. सगळी त्याच्याकडे बघत होती, आणि त्यांच्या चेहऱ्यावर तसंच काहीतरी होतं जसं त्या गुरुवारी पाळीवर त्याच्या चेहऱ्यावर असणार. शेतकऱ्याकडे असं कोणी आजवर पाहिलं नव्हतं.

"बंधूंनो," टेकचंद म्हणाला, "सरकारची वाट पाहू नोका. आपल्यासमोरचं काम आपल्या हातानं करा. आमी केलं!"

सभागृह उठून उभं राहिलं. मग काय, वीस मिनिटं तो बोलतच राहिला, आणि आपण इतकं चांगलं बोलतो हे त्यालाही तेव्हाच कळलं. खरं सांगायचं तेवढं राहून गेलं. खाली उतरल्यावर त्याला ते आठवलं, पण तोवर लोक सोबत फोटो काढायला आले होते.

ऑगस्टात पाऊस आला. उंबरटोल्याच्या बांध्या भरल्या, पण त्यांत रोवायला पऱ्हे नव्हते. आसगावकडे कालव्याचं पाणी असतं, तिकडे रोवणे चालू होते. धुरपता आणि रिता दुसऱ्यांच्या बांधीत रोवायला जाऊ लागल्या. एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, बसून बायका मोबाइल बघत होत्या. त्यातून टेकचंदचा आवाज येत होता. आसगावची एक बाई भाकरीचा घास हातात तसाच धरून ऐकत होती.

"काय बोलते वं हा मानूस! आयकूनच मन भरून येते. तुमच्याच गावचा हाय म्हन्ते न?"

"माहा नवरा हाय," धुरपता म्हणाली.

"मंग तुमचं त नशीबच काढलं! असा मानूस घरी असल्यावर बाईले काय कमी?"

रिताने तोंड फिरवलं. धुरपताने डबा बंद केला, हात धुतले आणि बांधीत उतरून एकटीच रोवू लागली. जेवणाची सुट्टी अजून संपली नव्हती.

तो व्हिडिओ आजवर चार लाख लोकांनी पाहिला आहे, आणि जवळजवळ सर्वांनी खाली हात जोडून पुढे पाठवला आहे. उंबरटोल्याची लोकसंख्या सहाशे बारा, त्यांत मोबाइल दीडशेच्या आत. तेव्हा बाकीचे कोण, ते शोधायला कोणत्याही पथकाची गरज नाही. तुम्हाला तो एका शनिवारी सकाळी आला होता. तुम्ही तो चहा घेता घेता पाहिलात, "किती खरं आहे!" म्हणालात, आणि घरातून कोणीतरी काहीतरी काम सांगत होतं, त्यांना म्हणालात, "थांब जरा, हे आधी चार जणांना पाठवू दे."